युनिया आत्याचा उजवा गुडघा

मसाकाच्या रस्त्यावरून आत वळलं की लाझारोची केळीची बाग लागते. तिच्या पलीकडे त्याच्या थोरल्या बहिणीचं, युनियाचं, दोन खोल्यांचं घर. नवरा तरुणपणीच गेला, मूल झालं नाही, तेव्हा ती माहेरच्या जमिनीवर परत आली. पण तिला वांझ म्हणायची कुणाची छाती नव्हती. भावांच्या अकरा पोरींची ती आत्या, आणि युगांडातल्या या बुगांडा मुलखात आत्या म्हणजे आईपेक्षा कांकणभर सरसच. मुलगी वयात आली की तिला आत्याकडे धाडायची. बसावं कसं, बोलावं कसं, वडीलधाऱ्यांपुढे गुडघे टेकावेत कसे, हे सगळं आत्याच शिकवणार.

युनियाचं गुडघे टेकणं बघत राहावं असं होतं. डोक्यावर पाण्याचा डबा असला तरी ती बोलता बोलता अलगद खाली जायची आणि थेंब सांडायचा नाही. पोरींवर मात्र डाफरायची, "अगं, धपकन् काय आदळतेस? नमस्कार करतेयस, रताळ्याचं पोतं नाही टाकत!"

पन्नाशीनंतर तिचा उजवा गुडघा कुरकुरायला लागला, आणि साठीला तर पायच बाहेरच्या बाजूला वाकला. लाझारोची थोरली पोर टिओपिस्टा कंपालाला नर्स होती. तिनं हट्टच धरला. "आत्या, सांधा बदलून घे. हाडावर हाड घासतंय. माझ्या क्वांजुलाला पाहुण्यांतून नवरा कोण शोधून काढणार? तूच ना?"

क्वांजुलाला मुलाकडची मंडळी मागणी घालायला येतात, तेव्हा अंगणभर गुडघ्यांवर फिरून नवऱ्या मुलाला ओळखायचं आणि सगळ्यांसमोर आणायचं, हा मान आत्याचा. युनियानं होकार दिला.

शस्त्रक्रिया नीट पार पडली. टिओपिस्टा तीन आठवडे तिच्या खाटेशेजारी जमिनीवर चटई टाकून झोपली. जखम भरली, पाय सरळ झाला, गाव बघायला लोटलं. आणि मग, सगळे आपापल्या कामाला लागल्यावर, ते दुसरं दुखणं सुरू झालं.

जुनं दुखणं ओळखीचं होतं. चाललं की यायचं, बसलं की जायचं. हे नवं बसल्यावरही हटेना. गुडघ्याच्या आत निखारा ठेवून कुणी वर राख लोटावी, तसं ते धुमसत राहायचं. अंगातल्या पायघोळ गोमेसी झग्याचा घोळ नुसता घासला तरी चटका बसायचा. ती तपासणीला गेली तेव्हा डॉक्टरांनी एक्स-रे उजेडात धरला.

"अगदी झकास बसलाय सांधा, आई. सगळं जिथल्या तिथं."

"फोटोला दुखत नाही ना, डॉक्टर," युनिया म्हणाली.

ते हसले आणि त्यांनी गोळ्या लिहून दिल्या.

टिओपिस्टाचा दर रविवारी फोन यायचा. "आत्या, गुडघा?"

"बरा आहे गं."

गावाला काय सांगणार? पाय सरळ दिसतोय, काठी सुटलीय. एकदा प्रार्थनेनंतर चर्चबाहेर कुळातले म्हातारे सेबुन्या भेटले. युनियानं कमरेत वाकून, मान खाली घालून त्यांना नमस्कार केला. म्हातारा मोठ्यानं म्हणाला, "लोखंडी गुडघा बसवल्यापासून आमच्या युनियाला जमीन दिसेनाशी झालीय!" सगळे हसले. तीही हसली. घरी येईपर्यंत ते हसू तिच्या तोंडावर तसंच चिकटून राहिलं होतं.

मग तिनं घरातच सराव सुरू केला. दार लावून घ्यायची, दोन चटया आणि त्यावर गोणपाट घालायची, खाटेचा पाय धरून खाली जायची. वीतभर उरलं की कळ थेट दातांपर्यंत यायची. एकदा ओठ चावून तिनं गुडघा टेकवलाच. पण उठता येईना. शेवटी खुरडत उंबऱ्यापर्यंत गेली आणि चौकट धरून उभी राहिली. हे महिनाभर चाललं. मग तिनं लाझारोला निरोप धाडला, 'टिओपिस्टाच्या क्वांजुलाला आपली चुलतबहीण ज्युलियेत आत्या म्हणून उभी राहू दे.'

दोन दिवसांत टिओपिस्टा दारात हजर. नेहमीसारखे गुडघे टेकले, पण मान फिरवूनच.

"सरळ सांग, आत्या. मुलगा पसंत नाही ना तुला?"

"वेडी आहेस का? सोन्यासारखा मुलगा आहे."

"मग मला ज्युलियेतच्या गळ्यात का बांधतेस?"

युनियानं गोमेसी गुडघ्याच्या वर घेतली. टिओपिस्टानं हात लावला मात्र, आत्याचा श्वास अडकला. पोरीतली नर्स जागी झाली. हलक्या बोटांनी ती चाचपत राहिली, आणि चाचपता चाचपता रडायला लागली.

"वर्षभर असं दुखतंय? मी दर रविवारी विचारत होते की गं!"

"तू इतक्या आशेनं विचारायचीस, पोरी. 'दुखतंय' म्हणायला जीभच वळायची नाही."

"मीच तुला त्या टेबलावर झोपवलं."

"मी माझ्या पायांनी गेले. रडू नकोस."

"मग उभी राहूनच कर. मला चालेल!"

"तुला चालेल गं. पाहुणे म्हणतील, मुलीकडच्यांनी नाक मुरडलं."

क्वांजुलाच्या दिवशी अंगणात मांडव उभे राहिले. घरच्या बायका चटयांवर बसल्या, आणि युनियाला कडेला प्लास्टिकची खुर्ची दिली. आयुष्यात पहिल्यांदा ती आपल्या माणसांत सगळ्या बायकांपेक्षा उंच बसली होती, आणि तिला तोंड कुठं लपवावं कळेना. ज्युलियेत गुडघ्यांवर पुढं सरकली. ती गडबड्या स्वभावाची, नवऱ्या मुलाला तिनं फार लवकर ओळखलं. थोडं खेळवायचं असतं, दोन चुकीच्या माणसांपाशी थांबून हसवायचं असतं. तरी टाळ्या पडल्या. युनियानं मनात जुळवून ठेवलेली वाक्यं तिच्या ओठांतल्या ओठांत हलून गेली.

जेवणाच्या आधी मुलाकडची एक वयस्कर बाई सगळ्या बायकांना भेटत भेटत खुर्चीपाशी आली.

"आणि आपण कुठल्या पाहुण्या?"

"मी मुलीची आत्या."

"आत्या? पण आत्या तर त्या होत्या ना, मघाशी..."

"हो," युनिया म्हणाली, "त्याही."

लग्नानंतर टिओपिस्टा तिला दुसऱ्या डॉक्टरकडे घेऊन गेली. ती तरुण बाई होती. एक्स-रे तिनं बाजूला ठेवला आणि आधी अर्धा तास नुसतं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "दुखतंय हे खरं आहे, आई. सांधा चांगला बसूनही काहींचं दुखणं राहतं. का राहतं ते आम्हालाही दर वेळी उमगत नाही. थोडं कमी करता येईल. पुरतं जाईल असं खोटं सांगणार नाही."

बसमध्ये मसाका येईपर्यंत युनियाच्या डोळ्यांचं पाणी खळेना. कुणीतरी खरं मानलं म्हणून, की जाणार नाही हे कळलं म्हणून, ते टिओपिस्टानं विचारलं नाही. नव्या औषधानं झोप तेवढी लागायला लागली. गुडघा मात्र जमिनीला टेकला नाही तो नाहीच.

पुढच्या डिसेंबरात लाझारोच्या धाकटीचं जमलं. तो सांगायला आला, बाकावर बसून मांडव, मटोकेची केळी, बकरी असं सगळं बोलला. बोलता बोलता म्हणून गेला, "ज्युलियेतला कळवलंय, ती आदल्या दिवशीच येईल."

युनियाला कुणी विचारलं नव्हतं. विचारायचं राहिलंय, हेसुद्धा भावाच्या ध्यानात नव्हतं.

"बरं केलंस," ती म्हणाली. "थांब, चहा टाकते."

भिंतीला धरून ती उठली आणि आत गेली. लाझारो बराच वेळ वाट बघत बसला. चहाला त्या दिवशी फार उशीर लागला.