सरकारचा नसलेला माणूस

हदगावहून नांदेडला येणाऱ्या एसटीत तो माझ्या शेजारी बसला होता. कुठल्याशा सरकारी कचेरीतला शिपाई. अधू पाय वाटेत लांब सोडलेला, आणि मांडीवरची कागदांची पिशवी तान्ह्या लेकरासारखी दोन्ही हातांनी धरलेली.

पायाचं विचारलं तर म्हणाला, "हापिसातलं लोखंडी कपाट पडलं अंगावर. कोर्टानं निकाल देला, भरपाई सरकारनं द्यायची. आता सरकार अपिलात चाललंय. म्हणतंय, हा आमचा माणूसच न्हाई."

"मग पिशवीत काय?"

"तेच अपील. सरकारी वकिलाकडं पोचवायची ड्युटी माझीच हाय. मुदतीचा आज शेवटचा दिवस."

माझंच डोकं फिरलं. "अहो, आसनेचा पूल आला की द्या नदीत टाकून!"

त्यानं पिशवी छातीशी ओढली. जणू मी त्याच्या लेकरालाच नदीत टाक म्हटलं, असं माझ्याकडं बघितलं.

पूल ओलांडला आणि गाडी गर्दीत अडकली. तो उठला, लंगडत पुढं गेला आणि ड्रायव्हरच्या कानाशी ओरडला,

"भाऊ, काढा की लवकर! उशीर झाला तं केस हरू ना आपण!"