काकूंच्या जाहिरातीची बोहनी

नववीत नापास झाले नि शाळा सुटली. धारणीहून अकोल्याला आले तेव्हा मला कामावर ठेवणारी एकच बाई भेटली, फवारणी पंपांच्या दुकानाची मालकीण. आम्ही त्यांना काकू म्हणतो. शिक्षण विचारलंच नाही. "फोनवर नीट बोलता येते नं? मंग बस." ते उपकार मी अजून मानते. आणि त्याचीच धास्ती वाटते, आपल्या हातून काही बिघडलं तर?

यंदा काकूंनी मोबाइलवर जाहिरात सुरू केली. अमरावतीच्या जाहिरातवाल्यानं सांगितलं, जो कपाशीवरची अळी, संत्र्याची फवारणी असलं काही मोबाइलवर शोधतो, त्यालाच ही दिसेल. येणारे फोन घेणं माझं काम.

पहिल्या सकाळी दिसते का म्हणून कपाशीवरची अळी शोधली, तर जाहिरात माझ्याच मोबाइलवर आली. मला वाटलं, दिवसाच्या पहिल्या विक्रीसारखी हिलाही बोहनी हवी. बोट लावलं, पंप शेवटपर्यंत पाहिला. मग रोजचंच झालं. खोलीवर आम्ही पाच जणी, सगळ्या बाहेरगावच्या. त्यांनाही अळी शोधायला लावून म्हणायची, "काकूच्या दुकानाची बोहनी करा वं." त्या हसायच्या, पण करायच्या.

फोन येऊ लागले, पण बायांचे. अमरावतीच्या एका वसतिगृहात स्वयंपाक करणारी एक तर दर दोन दिवसांनी.

"ताई, हा मोबाइल मले पंप काहून दाखवून राहिला? माह्या खोलीत तुळसही नाही."

"मंग फोन कायले केला?"

"तुमी उचलता म्हून."

ती सेमाडोहकडची, माझ्या धारणीच्याच बाजूची. भाजी कोणती केली, गावाकडे कधी जाणार, एवढंच बोलायचो. ठेवल्यावर बरं वाटायचं, मग मी दिवसभराचे फोन मोजायची. फवारणीचे दिवस चालले होते, शेतकऱ्याचा एक फोन नव्हता.

काकू एकदा शांतपणे म्हणाल्या, "असंच राहिलं तं जाहिरात बंद करतो. मंग फोनवर माणूस ठेवून तरी काय करू?"

जाहिरातवाला आला, मोबाइल चाळत बसला. "पहिल्या दिवसापासून काही बाया हे रोज उघडून पायतात. शहरात खोली करून राहणाऱ्या. मशीनले वाटलं, हेच गिऱ्हाईक. तवापासून त्यांच्यासारख्याच शोधून राहिली थे."

गप्प बसले असते तर कुणाला कळलं नसतं. पण काकूंच्या तोंडाकडे पाहिलं आणि सांगून टाकलं. "मी केली काकू. बोहनी म्हणून. रोज."

काकू म्हणाल्या, "बाप्पा! दुकानातल्याच माणसानं केली तं थे बोहनी कायची वं?" मग त्याच्याकडे वळल्या. "हिले शिकव. हिनं बिघडवली, हेच नीट करन."

त्यानं शिकवलं. गावं निवडायची, पिकं निवडायची. आजवर ज्यांनी उघडून पाहिली, पण घेतलं काही नाही, त्यांना वगळायचं. ते बटण मीच दाबलं.

आठवड्यात चांदूर रेल्वे गावाहून शेतकऱ्याचा पहिला फोन आला. "टाकी किती लिटरची? चार्जिंग किती टिकते?" मग रोजच येऊ लागले. काकूंनी मला काढलं नाही. वर चहा पाजला.

अमरावतीच्या तिचा फोन मात्र बंद झाला. पंप दिसत नसेल आता तिला. नंबर आहे माझ्याकडे. दोनदा काढून पाहिला. पण लावून सांगू काय?