दादाने टाकलेला शब्द

पोरं तिला पाठीमागे ‘हिरवाई’ म्हणायची. हिरव्या धंद्याच्या बाई, म्हणून हिरवाई. व्यवस्थापनाच्या कॉलेजात ती निसर्ग आणि माणसं राखून धंदा कसा करावा, हे शिकवायची. अर्धी पोरं सोपे मार्क मिळतात म्हणून येत. तरी ती जीव ओतून शिकवायची.

एकदा तिच्या मनाने घेतलं, पोरांना खरा कारखाना दाखवायचा. तिचा दादा कापड रंगवण्याच्या कारखान्यात मुकादम होता. “मालक तिरसट आहे गं,” म्हणत त्याने आढेवेढे घेतले; पण धाकट्या बहिणीचा हट्ट, शेवटी शब्द टाकला. पोरांनी वाफेने कोंदलेल्या खोल्या पाहिल्या, मागच्या नाल्यात सोडलेलं जांभळं पाणी पाहिलं, फोटो काढले. त्यावर लिहिलेला अहवाल झकास उतरला. तिनेच पाठ थोपटली, तिनेच तो एका परिषदेला पाठवला. तिथून तो त्या कारखान्याचा माल घेणाऱ्या बड्या कंपनीच्या हाती पडला आणि कंपनीने माल घेणं थांबवलं.

गिऱ्हाईक अडून बसलं की मालक सुधारतो, असं ती वर्गात सांगत आली होती. हा मालक सुधारला नाही. त्याने फाटकाला कुलूप ठोकलं आणि यंत्रं दुसऱ्या गावी नेली, तिथल्या नदीकाठी.

ती दादाकडे गेली तेव्हा वहिनीने दार उघडलं, पण ‘ये’ म्हटलं नाही. दादा भिंतीला टेकून बसला होता. नखांत अजून रंग होता.

“दादा, मी मालकाला भेटते. कंपनीला लिहिते.”

“लिहिलंस तेवढं पुरे झालं.” तो वर बघेना. “बरोबरचे विचारतात, त्या पोरांना आत कोणी आणलं? काय सांगू त्यांना?”

“पण ते पाणी विषारी होतं रे.”

“मला सांगतेस? उभा जन्म हात घातलेत मी त्यात.”

मालकाच्या बंगल्यावरच्या पहारेकऱ्याने तिला बाहेरूनच वाटेला लावलं. कंपनीने गोड शब्दांत हात झटकले. अहवालाला मात्र बक्षीस मिळालं. प्राचार्यांनी तिला हार घातला, आणि तिने तो तिथेच काढून टेबलावर ठेवला.

वर्गात तिने सगळं सांगून टाकलं. अहवाल लिहिणारी मुलगी उभी राहिली. “बाई, मग आम्ही चुकलो का?”

“नाही.”

“मग त्या कामगारांनी काय करायचं?”

तास संपेपर्यंत ती खिडकीशी उभी राहिली.

पुढे दादा त्याच मालकाकडे, त्या दुसऱ्या गावी कामाला गेला. बायकोपोरं मागे ठेवून गेला आणि हिला सांगूनही गेला नाही. कळलं ते वहिनीच्या फोनवरून.

“तिथे पाण्याचं काय करतात?” तिने विचारलं.

“तुला अजून पाण्याचंच पडलंय?” म्हणत वहिनीने फोन ठेवला.

त्या वर्षी तिच्या विषयाला कधी नव्हे ती गर्दी झाली. बक्षिसाची बातमी पसरली होती. बाकं भरली, मागे पोरं उभी राहिली. ती फळ्याकडे वळली, खडू हातात घेतला, आणि पहिली ओळ लिहिली: ‘त्या कामगारांनी काय करायचं?’