वहिनींनी आधी खाल्लेला बंगडा

वहिनी गेल्याचा फोन पुतणी सुरेखाने केला, तेव्हा मी वाशिंदला घरी चहा घेत होतो. सकाळचे सहा वाजून दहा मिनिटं. "काका, आई उठतच नाय..." एवढंच ती बोलली. पक्षाघाताचा झटका असावा, असं डॉक्टर नंतर म्हणाले. वय एकसष्ट. त्याला आता पाच आठवडे झाले. भेटायला आलेले सगळे त्यांच्या हातच्या चवीबद्दल भरभरून बोलले, आणि कुणीतरी हळूच हसून म्हणालंच, "बंगडे तेवढे जाळले हो वहिनींनी." ही गोष्ट खरी नाही. चार वर्षं मी ती खरी म्हणून चालू दिली.

मे महिन्यात मुलांना सुट्टी लागली की आम्ही सगळे खर्डीला दादाच्या घरी जमायचो आणि एक दिवस मासळीचं जेवण व्हायचं. त्या वर्षी चौदा पानं होती, त्यांतली सहा मुलांची. सुरेखाच्या लग्नानंतरची ती पहिलीच सुट्टी. जावई नितीन वसईकडचा. मासळी आपणच आणणार, असं त्याने आधीच कळवलं होतं. पहाटे साडेपाचला बंदरावर वीस बंगडे घेतले, मोटरसायकलला डबा बांधला. वाटेत भिवंडीजवळ टायर पंक्चर झालं. तो पोचला तेव्हा अकरा वाजून दहा मिनिटं झाली होती. डब्यातल्या बर्फाचं कोमट पाणी झालेलं. मी डबा स्वयंपाकघरात नेऊन ठेवला आणि वहिनींना हळूच म्हणालो, "पाच तास चाळीस मिनिटं झाली. टाकून द्या."

वहिनींनी एकेका बंगड्याचा कल्ला उचलून पाहिला. डोळे बरे होते, वासही फारसा नव्हता. "जावई पहिल्यांदा मासळी घेऊन आला, अन मी फेकू? जन्मभर सुरेखाला ऐकावं लागंल. अन चांगली निघाली तर?" त्यांचं माहेर धसईचं. तिथे लहानपणी एकदा उन्हातले बंगडे खाऊन अर्ध्या तासात घरभर तोंडं लाल झालेली त्यांनी पाहिली होती. त्यांनी एक बंगडा साफ केला, मीठ-मसाला लावून तळला आणि उभ्याउभ्याच अर्धा खाल्ला. "भावजी, अर्धा तास थांबू. मला काय झालं नाय तर पानं वाढू. कोणाला बोलू नका." मी घड्याळ पाहिलं. बारा वाजून पाच मिनिटं.

बाहेर ओटीवर मुलं भुकेने भांडत होती. दादा ओरडला, "अगो, भात शिजवतेस का पेरतेस?"

"पेरणी झाली, लावणी ऱ्हायलीय! गप बसा!" वहिनी आतूनच म्हणाल्या. बाहेर हशा झाला. जावयाचा आवाज त्यात सगळ्यांत मोठा.

बारा सतराला त्यांचे कान लाल झाले. मी म्हटलं, चुलीची धग असेल. बारा पंचवीसला मानेवर चट्टे उठले, त्या कपाळ दाबून पाटावर बसल्या. मी नाडी पाहिली, मिनिटाला एकशे अठरा. "शहापूरला दवाखान्यात चला," मी म्हणालो. "आधी ते पुरा," त्या म्हणाल्या. मी मागच्या दाराने बंगडे नेले आणि दोन फूट खोल खड्डा केला, कुत्र्यांनी उकरू नयेत म्हणून. परत येतो तर त्यांनी तळलेला उरलेला अर्धा बंगडा तापल्या तव्यावर टाकला होता आणि धूर होईपर्यंत तशाच उभ्या होत्या. मग पदराने गळा झाकून त्या दारात गेल्या. "जावईबापू, माफी करा. सगळी मासळी जळाली माझ्याकडून." घरात सुकट होती, कैऱ्या होत्या. सगळे भात आणि कैरी घातलेली सुकट जेवले. वहिनी मागच्या पडवीत ओलं फडकं मानेवर घेऊन पडल्या. विचारणाऱ्याला त्यांनी ऊन लागल्याचं सांगितलं. दवाखान्यात शेवटपर्यंत आल्या नाहीत. चारच्या सुमाराला चट्टे उतरले... तोवर मी दर दहा मिनिटांनी नाडी पाहत होतो.

नितीन निघताना म्हणाला, "पुढच्या वेळी तळायला पण मीच येतो!" पुढे दर सुट्टीत हा विनोद व्हायचा, आणि सगळ्यांत आधी वहिनीच हसायच्या. पुढच्या वर्षी त्याने मासळी खर्डीच्या बाजारातूनच घ्यायचं ठरवलं. "वसईचे बंगडे जाळायला कोण आणतो?" असं तो म्हणाला. वहिनींनी माझ्याकडे एकदा पाहिलं, एवढंच.

तेराव्याला माणसं पांगल्यावर मी नितीनला त्यांच्या स्वयंपाकघरात बोलावलं आणि सगळं सांगितलं, वेळांसकट. तो ओट्याला टेकला. मग म्हणाला, "लिहा काका, लोकांना कळू दे." थोडं थांबून त्याने विचारलं, "पण एवढं माहीत होतं, तर आईनीच का खाल्ला? तुमी काय करत होता?"

"मी वेळ बघत होतो," मी म्हणालो.

त्यानंतर तीनदा खर्डीला गेलो. स्वयंपाकघरात पाऊल टाकलं नाही. प्यायचं पाणीसुद्धा ओटीवरच मागून घेतो.