पाठीवरचं बोट

सकाळपासून बोचरा वारा सुटला होता. रंगाऱ्याने ब्रश टर्पेंटाइनमध्ये भिजत टाकले आणि अंगणातल्या दोन झाडांमध्ये ट्रकवरचा माल बांधायचा पट्टा गुडघाभर उंचीवर ताणला. परांचीवरून पडून मोडलेला पाय जुळला होता, पण उंचावर गेलं की डोकं गरगरायचं. व्यायाम शिकवणाऱ्या बाईंनी तोल सावरायला ही स्लॅकलाइन, म्हणजे ताणलेल्या पट्ट्यावरून चालणं, सुचवली होती. उद्या त्याला पुन्हा चौथ्या मजल्यावर चढायचं होतं.

पाय ठेवताच पट्टा थरथरला.

"पट्टा नाही, तुमचा पाय लटपटतोय," त्याच्या पाठीवर एक बोट टेकवून मागे उभी असलेली बायको म्हणाली. "आणि खाली काय सांडलंय? समोरच्या झाडाकडे बघा."

महिनाभर त्याचा हात हवेत भिंत शोधायचा आणि तो धप्पकन खाली यायचा. आज मात्र तो या झाडापासून त्या झाडापर्यंत गेला.

"बघितलंस? बोट कधी काढलंस गं?" तो पोरासारखा हसला. "मुकादमाला कळवतो, उद्या येतोय."

त्याने फोन काढला, तशी बायको कासावीस झाली.

"अहो, थांबा. बोट काढलंच नव्हतं मी."

"एकदाही?"

"एकदाही नाही. आणि वर चौथ्या मजल्यावर मागे कोण असणार आहे?"

तो पट्ट्यावरच बसला. तिथूनच त्याने फोन लावला. "मुकादम, तळमजल्याचं काही काम आहे का?"

"बघू," पलीकडून उत्तर आलं.

मग तो उठला आणि भिजलेले ब्रश एकेक करून पिळू लागला.