रात्रीवर नाव कुठं घालणार

जेवणं उरकतात, उन्हं व्हरांड्याच्या जाळीपर्यंत सरकतात, आणि प्रमिलाताई गाडेकर ऑफिसातल्या खुर्चीला डोकं टेकून स्वतःलाच सांगतात, झोपायचं नाही हं, नुसते डोळे मिटायचे. संध्याकाळी विलास रासने यायचेत. त्यांच्याशी काय बोलायचं ते अजून जुळलेलं नाही.

प्रमिलाताई म्हणजे ‘सोबत’च्या मेट्रन. ज्यांच्यावर आता इलाज उरला नाही अशी माणसं इथं येतात, आणि जातील तोवर त्यांना दुखू नये, एकटं वाटू नये, एवढंच इथलं काम. बिल नाही, सगळं देणग्यांवर. आणि देणग्यांची तर काय तऱ्हा सांगावी. लोक हात आखडता घेत नाहीत हो, पण ज्यावर नाव घालता येईल तेच देतात. कॉटवर नाव, व्हीलचेअरवर नाव, पंख्याच्या पात्यावरसुद्धा नाव. एका गृहस्थांनी तर पंखा फिरला की आईचं नाव वाचता येत नाही म्हणून तो बंद ठेवायला सांगितला होता, भर मे महिन्यात. वर्षश्राद्धाला जेवणं येतात, जिलेबी येते, मठ्ठा येतो, आणि इथल्या निम्म्या माणसांना पाण्याचा घोट उतरत नाही. ते जेवण मग नातेवाईक आणि मावश्या जेवतात. रात्रपाळीच्या सिस्टरचा पगार मात्र कुणी देत नाही. रात्रीवर नाव कुठं घालणार?

तो पगार एक कंपनी द्यायची. तिनं यंदापासून शाळांना मदत करायचं ठरवलं. शाळाही चांगल्याच, भांडायचं कुणाशी? तर पुढच्या महिन्यापासून रात्री सिस्टर नाही, दारावर वॉचमन तेवढा. आणि इकडे विलास रासने, गावातले मोठे बिल्डर, गेल्या वर्षी इथं वारलेल्या वडिलांच्या नावानं दगडी कमान बांधून द्यायला निघालेत. अध्यक्ष भालेराव वकिलांनी सकाळीच फोनवर बजावलंय, “ताई, देतायत ते हसून घ्या. दात्याला शहाणपण शिकवू नका, आहे तेही जाईल.”

ते बोलणं डोक्यात घोळवत प्रमिलाताई डोळे मिटतात. स्वयंपाकघरात कुणीतरी पातेली पालथी घालतंय. तो आवाज बारीक बारीक होत जातो, आणि मग तो काचेचा असतो.

“बांगड्या भरायच्या ना?”

समोर माधवअण्णा रासने मांडी घालून बसलेत. विलासरावांचे वडील, बाजारपेठेतले जुने कासार. गावातल्या निम्म्या बायकांनी लग्नाआधी यांच्यापुढे हात धरलेला. शेवटचे दिवस त्यांनी इथं कोपऱ्यातल्या कॉटवर काढले. आता डोक्यावर टोपी आहे, पुढ्यात बांगड्यांच्या चळती आहेत, आणि ऑफिसचं टेबल कुठं गेलं कोण जाणे. अण्णा, तुम्ही तर गेलात ना, असं विचारायचं प्रमिलाताईंना सुचतच नाही.

“ड्युटीवर बांगड्या चालत नाहीत, अण्णा.”

“ठाऊक आहे. तुमच्या सगळ्या सिस्टरांचे हात भुंडे. पहिल्या दिवशी मला बघवेना.”

ते उठतात आणि चालायला लागतात. दुकानाची पायरी उतरावी तर खाली ‘सोबत’चं जेवणघर आहे, लांबलचक पंगत मांडलेली, पानापानावर जिलेबी, आणि बसलेलं कुणी नाही. फळ्यावर खडूनं लिहिलंय, आजचे भोजन कै. माधव रासने यांच्या स्मरणार्थ. अण्णा एका पानावर बसतात, जिलेबी उचलतात, परत ठेवतात.

“घ्या ना.”

“गिळता कुठं येतंय.” ते इकडंतिकडं बघतात, संकोचलेल्या पाहुण्यासारखे. “पोरानं हौसेनं घातलंय. नाही म्हणायचं जिवावर येतं.”

पाक पानावरून फरशीवर ओघळतोय. प्रमिलाताई फडकं शोधायला वळतात तर बाहेर फाटकाशी आलेल्या असतात, आणि तिथं कमान उभी आहे. चांगली उंच, घडीव दगडाची. अण्णा खाली उभं राहून मान वर करून स्वतःचं नाव वाचतात.

“अक्षर छान आहे,” ते म्हणतात. “पण मी आलो तेव्हा ही होती का?”

“नव्हती. आणि असती तरी तुम्हाला दिसली नसती. स्ट्रेचरवर डोळे मिटून आलात तुम्ही.”

“मग ही कुणासाठी?”

“विलासरावांसाठी,” प्रमिलाताई बोलून जातात, आणि त्यांचं त्यांनाच नवल वाटतं. इतके दिवस त्या कमानीवर नुसत्या चिडलेल्या होत्या.

“मग बांधू दे की,” अण्णा म्हणतात. “तो पोचला तेव्हा मी संपलो होतो. त्याला काहीतरी उभं करायचंय. नाहीतर बिचारा करील काय?”

“आणि रात्रीचं काय?” प्रमिलाताईंचा आवाज चढतो. “तुमच्याच कॉटवर आता अनसूयाबाई आहेत. अंधार पडला की घाबरतात. त्यांच्या उशाशी काय वॉचमनला बसवू? तुम्हीच सांगा तुमच्या लेकाला. तुमचं ऐकतील.”

“जिवंत होतो तेव्हा ऐकलं नाही त्यानं कधी. आता बरा ऐकेल.”

प्रमिलाताईंना हसू येतं आणि हसता हसताच रडू येतं. पदरानं डोळे पुसतात तोवर कमान नाही, फाटक नाही. कोपऱ्यातली कॉट आहे. अण्णा झोपलेत, गालफडं बसलेली, टोपी काढलेली. दिवेलागणीला असतो तसा उजेड आहे. प्रमिलाताई स्टुलावर बसतात. हे स्टूल सलोमी साळवेचं, रात्रपाळीच्या सिस्टरचं.

“हात द्या,” अण्णा म्हणतात.

त्या उजवा हात देतात. अण्णा तो दाबायला लागतात. कासार दाबतो तसा. चार बोटं एकत्र आवळायची, अंगठ्याखालचा उंचवटा आत ढकलायचा, हाडं एकमेकांत सरकवायची.

“शेवटच्या रात्री दुखत नव्हतं मला,” ते म्हणतात. “औषध तुम्ही पुरेसं दिलं होतं. पण भीती वाटत होती. एवढा म्हातारा मी, सांगायची लाज वाटत होती. मग सलोमीबाईंना म्हटलं, हात द्या. उजाडेपर्यंत मी त्यांना बांगड्या भरत होतो.”

“कुठल्या बांगड्या?”

“कुठल्या कसल्या, नव्हत्याच. हाताला सवयीचं काम मिळालं, म्हणून धीर आला.”

“सकाळी ती एवढंच म्हणाली होती, अण्णांनी रात्रभर हात सोडला नाही. तुम्हाला काही बोलली नाही ती?”

“म्हणाली, अण्णा, हिरव्या भरा.”

अण्णांची बोटं चालतच राहतात.

“विलासरावांना मी म्हटलं होतं, शांतपणे गेले,” प्रमिलाताई म्हणतात. “खोटं नव्हतं ते.”

“नव्हतंच. पण शांत मी एकट्यानं झालो नाही, ताई.” अंगठा आणखी आत रुततो.

“हळू, अण्णा. दुखतंय.”

“जरा सोसा. हात मऊ झाला की सरकेल.”

“ताई, ओ ताई. साहेब आलेत.”

मावशी हाक मारतेय. ऑफिस जागच्या जागी आहे, टेबल आहे, आणि दारात विलास रासने उभे आहेत, काखेत कागदाची गुंडाळी. प्रमिलाताई सावरून बसतात. “या, विलासराव.” उजवा हात ठणकतोय. अंगठ्याखाली लालभडक वळ उठलाय, आणि बोटांच्या मुळाशीही ओळीनं लाल झालंय. हातावर डोकं ठेवून झोपले असेन असं म्हणावं, तर डोकं खुर्चीच्या पाठीला टेकलेलं होतं आणि हात मांडीवर मोकळा पडलेला होता.

विलासराव कमानीचा नकाशा टेबलावर उलगडतात. कागद परत परत गुंडाळतोय, म्हणून प्रमिलाताई त्याच्या कोपऱ्यावर तोच हात ठेवतात. विलासराव दगडाबद्दल सांगू लागतात, आणि वाक्य मध्येच सोडतात.

“बांगड्या भरल्यात का आज?”

“ड्युटीवर चालत नाहीत हो.”

“नाही, हा वळ...” त्यांची नजर हलत नाही. “लहानपणी दुकानात बसायचो मी. अण्णांचा अंगठा बरोबर इथं बसायचा. बायका कळवळायच्या, शिव्या द्यायच्या, आणि पुढच्या सणाला परत त्यांच्याकडेच यायच्या.” मग, वर्षभरात कधी विचारलं नव्हतं ते विचारतात. “त्या रात्री त्यांच्याजवळ कोण होतं?”

वकिलांचं बजावणं प्रमिलाताईंना आठवतं. पण आता हसून घेणं त्यांना शक्य नाही.

“सलोमी साळवे. रात्रपाळीच्या सिस्टर. रात्रभर हात धरून होत्या त्यांचा. महिनाअखेरपर्यंत आहेत इथं.”

“मग?”

“मग रात्री कुणीच नाही. पैसे नाहीत.”

“अण्णा घाबरले होते?”

“हो. घाबरले होते. सिस्टरनी हात धरला, मग नाही घाबरले.”

विलासराव खुर्चीत बसतात. प्रमिलाताईंचा हात ते दोन्ही हातांनी उचलतात, आणि नकाशा आपोआप गुंडाळत टेबलाच्या कडेला जातो. त्या लाल वळावर ते आपला अंगठा ठेवतात, अगदी हलक्यानं, आणि साठीला आलेला तो माणूस पोरासारखा रडतो. प्रमिलाताई हात सोडवून घेत नाहीत.

“रात्रीला,” ते म्हणतात, “रात्रीला काय काय लागतं, ते सांगा मला.”