तिनं धरलेली दोरी

दोरीचं एक टोक माझ्या हातात होतं, दुसरं माझ्या बायकोच्या, हौसाच्या. निळीत बुडवलेली दोरी भिंतीला ताणून धरायची, मधोमध उचलून सोडायची, की भिंतीवर सरळ निळी रेघ उठते. सुताराचं रोजचं काम. पण हे काम आमच्याच घरातलं होतं, आणि ती माझं गिऱ्हाईक होती.

"अगं, दोन बोटं खाली धर. तुझ्याकडं वर गेलीय."

"न्हाई. हितंच बरं हाय."

"मी सुतार का तू?"

"तुमीच. उडवा आता. का ते मग सांगते, दूध उतू जातंय तिकडं."

मी दोरी उडवली. रेघ तिरकी उठली, तिच्या बाजूला, सैपाकघराच्या दाराकडं, वर. नंतर नीट करू म्हणालो. ती दूध उतरवायला गेली, मग पाहुणे आले, तो विषय राहिला. सकाळी ती उठलीच नाही. डॉक्टर म्हणाले, झोपेतच गेली.

हे स्कर्टिंगचं काम तिचंच. स्कर्टिंग म्हणजे भिंत आणि फरशी मिळते तिथं लावायची पट्टी. फरशी पुसताना भिंतीचा पाय काळा होतो, तो झाकायला. साताऱ्यापासून सांगलीपर्यंत लोकांच्या बंगल्यांत मी सागाची पट्टी लावत फिरलो आणि आमच्या घराची भिंत काळीच. ती म्हणायची, "लोकाची भिंत पुसाया तुमाला येळ हाय." शेवटी उरलेल्या सागाच्या पट्ट्या जमवल्या आणि काम काढलं. काम काढलं आणि ती गेली.

दिवस-कार्य झालं. मुलगा दत्ता पुण्याला असतो. त्यानं फोनवर सांगितलं, "आबा, रविवारी गाडी घेऊन येतो. घराला कुलूप लावायचं."

"कशाला?"

"एकटं ऱ्हाऊन काय करणार? एक दिवस गॅस चालू ठिवून झोपाल."

मी म्हणालो, "तू येईपतोर माझ्या हातनं घरातली एक जरी वस्तू बिघडली, तर गुमान गाडीत बसतो. न्हाईतर परत इषय काढायचा न्हाई."

"ठरलं," तो म्हणाला. त्याला वाटलं, म्हातारा दोन दिवसांत कायतरी फोडतोयच.

रविवारी तो यायच्या आत ती भिंत पुरी करायची असं मी ठरवलं.

आता जरा कामाचं सांगतो. बाजारात प्लास्टिकची पट्टी मिळते, डिंकानं चिकटवून बसवायची. उन्हाळ्यात सुटते. भुश्शाच्या फळीची मिळते, ती पोछ्याचं पाणी पिऊन फुगते. साग फुगत नाही, पण वजनदार असतो, त्याला स्क्रू लागतो. सिमेंटच्या भिंतीत खिळा जात नाही, वाकतो. म्हणून ड्रिल मशीननं भोक पाडायचं, भोकात प्लास्टिकची गिट्टी ठोकायची आणि गिट्टीत स्क्रू पिळायचा. मशीन स्वस्तातलं चालेल, पण बिट चांगलं पाहिजे. आणि भोक पाडायच्या आधी भिंतीच्या पोटात काय आहे ते माहीत पाहिजे.

ते मला माहीत नव्हतं. घर बांधलं तेव्हा मी फलटणला एका बंगल्याच्या कामावर. नळाचा माणूस पाईप घालत होता आणि त्याच्यासमोर हौसा दिवसभर बसून होती, त्याला चहा देत आणि शिव्या देत. पाईप कुठनं गेला ते तिला पाठ. मला एवढंच माहीत, की गच्चीवरच्या टाकीतलं पाणी सैपाकघरात येतं.

तिची तिरकी रेघ मी तशीच ठेवली आणि पाणी भरलेल्या लेव्हलच्या नळीनं पेन्सिलची सरळ खूण केली. माझी खूण तिच्या बाजूला रेघेच्या दोन बोटं खाली आली. सरळ ते सरळ. रविवारी सकाळी खुणेवर भोकं पाडत निघालो. पहिली चांगली झाली, कोरडा राखाडी भुसा. सैपाकघराच्या दाराजवळच्या शेवटच्या भोकाला राखाडीत एक पांढरी साल आली. प्लास्टिकची.

मी बटण सोडलं आणि मशीन आहे तिथंच दाबून धरलं. बिटाच्या कडेनं थेंब आला. मग दुसरा.

बिट ओढलं तर धार लागणार. नाही ओढलं तर हातात करंटचं मशीन आणि समोर पाणी. पाय लांब करून अंगठ्यात वायर धरली आणि पिन उपटली. तरी उठता येईना. गच्चीवरचा कॉक बंद करायला गेलो तर इकडं हॉल भरला असता. दत्ता पेठनाक्याच्या पुढं, अर्ध्या तासावर आला म्हणून फोन येऊन गेला होता. गुडघे फरशीवर, छाती मशीनवर, आणि मी खिडकीकडं तोंड करून ओरडलो, "मंगलवैनी! ओ मंगलवैनी!"

शेजारची मंगल खिडकीत आली. "आवं आबा, सकाळ सकाळ कशापायी वरडताय? कोण मेलं?" आणि जीभ चावली.

"गच्चीवर जावा. टाकीचा कॉक बंद करा. पळा!"

वर पावलं वाजली. मग वरनंच हाक आली, "आबा, हितं दोन हायती!"

"लाल दांड्याचा!"

"दोनीबी लालच हायती!"

"मग दोनी फिरवा की!"

"कुनीकडं?"

"जिकडं फिरतंय तिकडं!"

ती खाली आली, सैपाकघरातला नळ सोडला, पाईपातलं पाणी तिथनं गेलं. नळाची धार बारीक झाली, थेंब झाली, थांबली. तेव्हा मी बिट ओढलं. भोकातनं अर्धा तांब्या पाणी आलं, बास. सागाची काडी सुरीनं निमुळती केली, तिला दोरा गुंडाळला आणि भोकात ठोकली. मंगलनं फडकं मारलं.  

तेवढ्यात दत्ताची गाडी.

लपवता आलं असतं. फरशी कोरडी होती आणि पट्टी पुढं सरकवली की काडी झाकत होती. पण ज्या घरात राहायचं, तिथं लबाडी करून काय राहायचं?

"बिघडलं," मी म्हणालो. "पाईप फोडला. पिशवी भरतो."

तो वाकला. काडी बघितली, हात लावून बघितला. "वरचा कॉक कुणी बंद केला?"

"मी," मंगल म्हणाली. "ह्यांनी हाक मारली, मी गेले. टाकी दोघांची एकच, दोनी बंद केलेत, आता माझ्याबी घरात पाणी न्हाई."

 दत्तानं नळाच्या माणसाला फोन लावला.

नळवाल्यानं भिंत फोडली तेव्हा पाईप दिसला. हॉलभर फरशीलगत येतो, पण दाराकडं येईल तसा नळासाठी हळूहळू वर चढतो. त्याच्या बरोबर एक बोट वरनं, त्याच्याच उतारानं, हौसाची निळी रेघ गेलेली. माझी सरळ खूण पाईपाच्या पोटावर.

दत्ता रेघेकडं बघून म्हणाला, "ही कुणी मारली?"

"मी उडवली. टोक तुझ्या आईनं धरलंतं."

तो उठला, बाहेर गेला, तोंड धुऊन आला. "हाक मारली की माणूस येतंय न्हवं हितं," तो म्हणाला. "दिवाळीला येतो. तवा बघू." आणि रिकामी गाडी घेऊन परत गेला.

घरात ड्रिल चालवणाऱ्यांना माझं सांगणं एवढंच. लेव्हल खरी असते, पण ती भिंत बाहेरनंच बघते. भोक पाडायच्या आधी, त्या घरात दिवसभर जे राहतंय त्याला विचारा. आणि ते जिवंत असेपर्यंत विचारा.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहा घेतला आणि रंधा काढला. पट्टी एका टोकाला रुंद, दुसऱ्याला अरुंद अशी तासली. खालची कड फरशीवर, वरची तिच्या रेघेवर. गिट्ट्या सगळ्या रेघेलगत, पाईपाच्या वर. उभ्या आयुष्यात तिरकं काम मी कुणाला दिलं नव्हतं. ते पहिलं.

मग समोरची भिंत घेतली. दोरी निळीत बुडवली. दुसऱ्या टोकाला दाराच्या लाकडी चौकटीत खिळा मारला, त्याला दोरी बांधली, आणि उडवली.